आजीबाईचा बटवा : गिरमिटापासून अमेरिकेपर्यंत

मनुष्य जेव्हा देशांतर करतो तेव्हा तो आपल्याबरोबर काय काय नेतो, याचा पुरा हिशेब कोणत्याही दप्तरात सापडत नाही. गिरमिटाच्या काळी बंदरावरील नोंदवहीत मजुराचे नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव आणि अंगावरील एखादी खूण एवढे टिपून घेतले जाई. त्याला ताप आला असता त्याची आई कोणता पाला उकळून देत असे, जखमेवर काय दाबीत असे, तान्ह्या मुलाचे पोट दुखले तर सहाणेवर काय उगाळीत असे, हे विचारण्याचे कारण अंमलदारास नव्हते. परंतु ते ज्ञानही जहाजावर चढले, आणि नोंदवहीत नसलेला हा माल कोणत्याही जकातनाक्यावर न अडता समुद्रपार गेला.

या स्मरणिकेच्या वाचकांपैकी काहींचे पूर्वज कोकणातून मुंबई बंदरामार्गे मॉरिशसला गेले. काहींचे कलकत्त्याहून गयाना, त्रिनिदाद वा सुरीनामला गेले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अॅटलस' जहाजाने ३६ मजूर मॉरिशसच्या किनाऱ्यावर उतरविले. १८३८ मध्ये गयानाला, १८४५ मध्ये त्रिनिदादला व १८७३ मध्ये सुरीनामला पहिली जहाजे लागली. एकट्या मॉरिशसला साडेचार लाखांच्या आसपास माणसे गेली. १९६५ साली अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा बदलला आणि त्या मजुरांची नातवंडे-पणतवंडे या देशात येऊ लागली. म्हणजे आपण दोनदा समुद्र ओलांडलेली माणसे आहोत. आपली बोली एक नाही, परंतु मळा एक होता. आणि आजीबाईचा बटवाही बहुतांशी एकच होता.

त्या बटव्याचा अभिमान आपण सर्वच बाळगतो. तथापि एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. घरगुती औषधाच्या ज्ञानाला दोन अंगे असतात. अमुक पाला अमुक दुखण्यावर चालतो, हे एक अंग. तो किती द्यावा, कोणाला देऊ नये, केव्हा थांबावे, हे दुसरे अंग. पहिले अंग म्हणीसारखे तोंडात बसते आणि पिढ्यान् पिढ्या टिकते. दुसरे अंग हातात असते. शिकविणारा हात गेला की तेही जाते. समुद्र ओलांडताना आपल्याजवळ गुण उरले आणि मर्यादा गळाल्या, हेच या बटव्याच्या इतिहासाचे सार आहे.

जहाजावर आणि मळ्यावर

मजुरांच्या जहाजावर कोणते अन्न किती द्यावे याचे सरकारी कोष्टक असे. त्यात तांदूळ, डाळ, तूप, मोहरीचे तेल, मीठ यांबरोबर हळद, मिरची आणि चिंच यांचीही गणना असे. जहाजावर सरकारने नेमलेला एक डॉक्टर असे आणि त्याच्यापाशी विलायती औषधांची पेटी असे. हळद मात्र औषधाच्या पेटीत नव्हती, ती शिध्यात होती. राज्यकर्त्यांच्या लेखी ती मसाला होती. खाणाऱ्याच्या लेखी ती मसालाही होती आणि औषधही.

मळ्यावर पोहोचल्यावर दुखणी वाढली, कमी झाली नाहीत. १८६६ ते १८६८ या काळात मॉरिशसमध्ये हिवतापाची भयंकर साथ आली आणि हजारो माणसे दगावली. मोठ्या मळ्यांवर इस्पितळ असावे असा कायदा होता. परंतु ज्या मालकाच्या मुकादमाने सकाळी कामावर हाकलायचे, त्याच मालकाच्या इस्पितळात रात्री विश्वासाने जाऊन पडावे असे मजुरास वाटत नसे. यास्तव घरचा काढा हा निव्वळ परंपरेचा हट्ट नव्हता. तो पुष्कळदा एकमेव आधार होता. त्या स्त्रियांनी परक्या भूमीत जे हाताला लागले त्यातून संसार वाचविला, ही गोष्ट कृतज्ञतेने स्मरण करण्याजोगी आहे.

आणि हाताला जे लागले ते सारेच भारतातले नव्हते. मॉरिशसमध्ये घरोघरी पोटाच्या तक्रारीवर ज्याचा चहा करून पितात ते आयापान मूळचे दक्षिण अमेरिकेतले. ज्या पानफुटीचा पाला आपल्याकडे मूतखड्यावर सांगतात, आणि जिला त्रिनिदादमध्ये 'जगाचे आश्चर्य' अशा अर्थाचे इंग्रजी नाव आहे, ती मादागास्करची. अंगणातील सदाफुलीही तेथलीच. बटवा रिकामा होऊन फाटला नाही; तो वाटेत नव्याने भरत गेला. मॉरिशसमधील या वनस्पतींचा शास्त्रीय अभ्यास पुढे अमीना गुरीब-फकीम या विदुषींनी केला, त्यांवर ग्रंथ लिहिले, आणि २०१५ ते २०१८ या काळात त्या त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षाही होत्या.

परंतु या नव्या भरण्यात एक धोका शिरला, तो नावांचा. मॉरिशसमध्ये हळदीला 'साफ्राँ' म्हणतात, आणि त्रिनिदादमध्येही कित्येक घरांत तिला 'सॅफ्रन' म्हणतात. अमेरिकेच्या दुकानात हाच शब्द उच्चारला तर केशर पुढे येईल. तेथे चूक झाली तर खिशाला झळ लागेल, एवढेच. दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. मॉरिशसच्या बोलीत 'मार्गोझ' म्हणजे कारले. इंग्रजी पुस्तकांत 'मार्गोसा' म्हणजे कडुनिंब. दोन्ही नावे कडू या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आली. कारल्याची भाजी आपण मुलांनाही वाढतो. कडुनिंबाचे तेल मात्र मुलाच्या पोटात जाता कामा नये. मलेशियात, जेथे मळ्यांवर नेलेल्या भारतीय मजुरांचे वंशज आजही राहतात, तेथील डॉक्टरांनी १९८१ साली प्रसिद्ध केले की कडुनिंबाचे तेल पाजल्यामुळे अर्भकांच्या यकृतावर आणि मेंदूवर विषारी परिणाम झाला. तेल पाजणाऱ्या आया दुष्ट नव्हत्या. जे पूर्वी ऐकले तेच त्यांनी प्रेमाने केले होते.

सहाणेवरचे वेढे

आता त्या दुसऱ्या अंगाकडे, म्हणजे मर्यादेकडे, वळू. ते एके काळी किती काटेकोर होते याचे सर्वोत्तम उदाहरण महाराष्ट्रातील बाळगुटी होय. वेखंड, हळकुंड, सुंठ, जायफळ, मायफळ, मुरुडशेंग, हिरडा, ज्येष्ठमध, अतिविष, काकडशिंगी, डिकेमाली, बदाम, खारीक असे जिन्नस एका डबीत असत. मुलाला न्हाऊ घालण्याच्या सुमारास ते एकेक करून सहाणेवर दुधात किंवा पाण्यात उगाळीत.

तेथे चमचा नव्हता, तराजू नव्हता. माप होते वेढ्याचे. सहाणेवर जिन्नस एकदा गोल फिरविला की एक वेढा. बदाम-खारकेचे वेढे अधिक, सुंठीचे मोजके, आणि जायफळाचा फार तर एक. कारण जायफळाने मूल पेंगते हे प्रत्येक आजीला ठाऊक असे. मूल महिन्यामहिन्याने मोठे होई तसे वेढे बदलत. पोट साफ असेल तर हिरडा वगळीत, सर्दी असेल तर वेखंड घेत. हे सारे कोणत्याही कागदावर नव्हते, ते मनगटात होते. जायफळ फार झाले तर मोठ्या माणसासही भ्रम आणि उलट्या होतात, हे आधुनिक विषशास्त्र सांगते. आजीने विषशास्त्र वाचले नव्हते, पण तिचा हात एका वेढ्यावर थांबत होता.

बटव्यातील काही जिनसांना तर भीतीचीच राखण होती. बिब्बा हे त्याचे उदाहरण. त्याचे तेल कातडीला लागले तर फोड उठतात, म्हणून तो हाताळण्यापूर्वी हाताला खोबरेल वा तूप लावीत आणि तो मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवीत. एखाद्या चांगल्या कामात कोणी विघ्न आणले तर आपण 'बिब्बा घातला' म्हणतो, ते उगाच नव्हे. तसेच अतिविष आणि बचनाग हे एकाच कुळातले. नावात विष असूनही अतिविष सौम्य. बचनाग मात्र प्राणघातक. हा भेद ओळखीच्या वैदूकडून व काष्ठौषधीच्या दुकानदाराकडून कळे. दहा हजार मैलांवर, पुडीवरची चिठ्ठी वाचून, तो कळण्याचे साधन उरत नाही.

या गुटीकडे आजच्या ज्ञानाने पाहिले तर काय दिसते? जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की पहिले सहा महिने मुलाला आईच्या दुधावाचून काहीही देऊ नये. वेखंडाविषयी तर अमेरिकन सरकारचा स्पष्ट नियमच आहे. त्यातील एका द्रव्यामुळे उंदरांमध्ये गाठी उत्पन्न झाल्याचे दिसून आल्यावर १९६८ साली अन्न व औषध प्रशासनाने वेखंड व त्याचे तेल अन्नपदार्थांत घालण्यास बंदी केली. गंमत अशी की, उत्तर अमेरिकेच्या पाणथळ जागी जे देशी वेखंड उगवते आणि जे येथील मूळ रहिवासी औषधासाठी वापरीत आले, त्यात ते द्रव्य आढळत नाही; आशियातील वेखंडात ते असते. वास तोच, पान तेच, पण गुण वेगळा.

मधाचेही तसेच. नवजात बालकास मध चाटविणे हा आपल्याकडील जुना संस्कार. १९७६ साली कॅलिफोर्नियात डॉक्टरांना अर्भकांमध्ये एक विचित्र लुळेपणा आढळला. त्याचे कारण असे एक सूक्ष्म जंतूचे बीज निघाले, की जे मोठ्यांच्या पोटात निरुपद्रवी असते, परंतु तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष तयार करते. आणि ते बीज मधात असू शकते असे पुढे सिद्ध झाले. तेव्हापासून एक वर्षाच्या आतील मुलास मध देऊ नये हा सर्वमान्य नियम झाला. संस्कार टाकून द्यावा असे कोणी म्हणत नाही. मध देवापुढे ठेवावा, मुलाच्या जिभेवर नको.

जे लिहिले तेच उरले

हे ज्ञान कागदावर कधी आले, हेही पाहण्यासारखे आहे. १५६३ साली गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा भारतीय औषधींवरील संवादरूप ग्रंथ छापला गेला. पुढे १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला 'होर्तुस मलबारिकस' हा वनस्पतींवरील प्रचंड ग्रंथ बारा खंडांत निघाला. डच अधिकारी व्हान रेडे यास त्या कामी मलबारातील इट्टी अच्युतन हे वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पुभट हे तीन कोकणी वैद्य साह्यभूत झाले. त्या तिघांनी १६७५ साली नागरी लिपीत कोकणीतून दिलेले प्रमाणपत्र त्या ग्रंथात छापलेले आहे. आपल्या किनाऱ्यावरील वैद्यांचे ज्ञान, त्यांच्या नावासह, युरोपात पोहोचल्याचा हा दुर्मिळ दाखला होय. सामान्य बाईचे ज्ञान मात्र कोणी तिच्या नावासह छापले नाही.

याचे मोल विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतच कळून आले. २८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास क्रमांक ५४०१५०४ चे पेटंट दिले. विषय होता जखम भरून आणण्यासाठी हळदीचा उपयोग. ज्या गोष्टीला आपल्या घरांत शोध म्हणणे हास्यास्पद ठरावे, ती नवा शोध म्हणून नोंदली गेली.

भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ साली या पेटंटास आव्हान दिले. परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातील माशेल गावी जन्मलेले, आईच्या कष्टांवर मुंबईत शिकलेले शास्त्रज्ञ. येथे अमेरिकन कायद्यातील एक कलम आडवे आले. परदेशात एखादी गोष्ट नुसती माहीत असणे वा वापरात असणे त्या काळी पुरेसे नव्हते. ती छापलेली असली पाहिजे असा दंडक होता. कोट्यवधी आज्यांची साक्ष न्यायास निरुपयोगी होती. परिषदेने ३२ लेखी पुरावे गोळा केले. त्यांत संस्कृत, उर्दू व हिंदी ग्रंथ होते, आणि भारतीय वैद्यक संघटनेच्या मासिकातील १९५३ सालचा एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये कार्यालयाने पेटंटातील दावे फेटाळले. भारतीय परंपरागत ज्ञानाच्या आधारे अमेरिकन पेटंट रद्द झाल्याचे हे गाजलेले पहिले उदाहरण होय. यातूनच २००१ साली भारतात परंपरागत ज्ञानाचा लेखी कोश तयार करण्याचे काम सुरू झाले. अमेरिकेतील ते कलमही २०११ च्या कायद्याने बदलले असून, आता परदेशातील उघड वापरासही पुरावा म्हणून स्थान आहे.

या खटल्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. हळद आपली आहे हे त्यात सिद्ध झाले. हळद कितीही खाल्ली तरी चालते हे सिद्ध झाले नाही. पहिल्या गोष्टीच्या आनंदात दुसरी विसरली गेली.

औषध आणि विष

चरकसंहितेत अशा अर्थाचे वचन आहे की, तीक्ष्ण विषही योग्य योजनेने उत्तम औषध होते आणि उत्तम औषधही अयोग्य योजनेने विष ठरते. रानातील वनस्पतींची नावे व रूपे गुराखी-धनगरांसही ठाऊक असतात, परंतु तेवढ्याने औषधाचे ज्ञान झाले असे होत नाही, असेही तेथेच सांगितले आहे. आधुनिक काळातील याचा सर्वांत बोलका दाखला म्हणजे आपल्या अंगणातील सदाफुली.

जमैकात सदाफुलीच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत असत. १९५० नंतरच्या वर्षांत ती पाने कॅनडातील संशोधकांकडे पोहोचली. त्यांनी उंदरांवर प्रयोग केला, तो साखर उतरते का हे पाहण्यासाठी. साखर फारशी उतरली नाही. परंतु रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी झाल्या. दुसरा कोणी असता तर पाने फेकून देता. त्यांनी विचार केला की, जे पांढऱ्या पेशी मारते ते रक्ताच्या कर्करोगावर चालेल. त्यातून १९५८ मध्ये एक द्रव्य हाती आले. अमेरिकेतील संशोधकांनी त्याच झाडातून दुसरे वेगळे केले, आणि १९६३ मध्ये ते औषध म्हणून मान्य झाले. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिन्क्रिस्टीन या नावाने ते आजही दिले जाते.

ही कथा आपण 'पाहा, आमची सदाफुली केवढी थोर' अशा थाटात सांगतो. तिचा दुसरा अर्थ असा की, सदाफुलीत पेशी मारण्याचे सामर्थ्य आहे, आणि मधुमेहावर म्हणून रोज सकाळी तिची पाने चावणारा मनुष्य हे सामर्थ्य मापावाचून पोटात घेत आहे. पानफुटीतही हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये आहेत. ती चरून गुरे मेल्याची उदाहरणे आहेत.

बाजारातील बटवा

आज अमेरिकेत हा बटवा औषधाच्या दुकानांत मांडलेला दिसतो. १९९४ च्या कायद्यानुसार अशा पूरक पदार्थांस विक्रीपूर्वी सरकारची मान्यता लागत नाही. धोका दिसल्यावर सरकार हस्तक्षेप करते. म्हणून बाटलीवर गुण ठळक असतात आणि मर्यादा बारीक अक्षरांत. वेढा मोजणारा हात तेथे नाही.

हळदीचेच पाहा. भाजी-आमटीतील हळदीने कोणास अपाय झाल्याचे सहसा ऐकिवात येत नाही. हळदीच्या पुडीत मुख्य द्रव्य शेकडा तीनच्या आसपास असते आणि ते शरीरात फारसे मुरत नाही. गोळीत मात्र ते द्रव्य गोळा करून भरलेले असते, आणि ते मुरावे म्हणून मिऱ्याचा अर्क घातलेला असतो. २०२२ साली अमेरिकन संशोधकांनी हळदीच्या अशा पूरक गोळ्यांमुळे यकृतास इजा झालेल्या दहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या प्रकृतीत एक आनुवंशिक लक्षण समान आढळले. म्हणजे एकास सोसले म्हणून दुसऱ्यास सोसेलच असे नाही.

गुळवेलीची हकीकत अशीच आहे. करोनाच्या साथीत घरोघरी गुळवेलीचे काढे उकळले गेले. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताचा दाह आढळल्याचे लिहिले. भारत सरकारच्या आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला की, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असावी. पुढल्या वर्षी अनेक केंद्रांतील ४३ रुग्णांचा अहवाल निघाला. वादात न पडताही सामान्य माणसास त्यातून एवढे घेता येते की, वेल ओळखण्यात चूक होऊ शकते, आणि ओळख बरोबर असली तरी महिनोन् महिने काढा पिणे निर्धोक नव्हे.

तिसरा धोका भेसळीचा. बोस्टनच्या परिसरातील दक्षिण आशियाई दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा सोमल आढळल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याने २००८ ते २०१७ या काळात मसाल्यांचे सुमारे दीड हजार नमुने तपासले; निम्म्याहून अधिकांत शिसे मिळाले. हळदीस पिवळाधमक रंग यावा म्हणून तीत शिशाचा रंग मिसळण्याचा प्रकार बांगलादेशात उघडकीस आला. २०१९ मध्ये तेथील सरकारने धाडी घातल्या, दंड केले, आणि दोन वर्षांत बाजारातील नमुने स्वच्छ निघू लागले. शिशाने मुलाची बुद्धी खुंटते आणि ती परत येत नाही. जी हळद जखम भरते म्हणून आपण न्यायासाठी झगडलो, तिच्याच पुडीतून मुलाच्या अंगात विष जावे, यासारखा दैवदुर्विलास दुसरा नाही.

पाळावयाची पथ्ये

वरील सर्व विवेचनाचा व्यावहारिक सारांश पुढीलप्रमाणे सांगता येईल.

१. स्वयंपाकातील प्रमाण आणि औषधाचे प्रमाण यांत भेद करावा. हळद, आले, लसूण, तुळस, ओवा अन्नातून घेण्यास निरोगी माणसास हरकत नाही. अर्क, गोळ्या व दाट काढे हे औषध समजून डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत.

२. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हळद, आले व लसूण यांच्या गोळ्या घेऊ नयेत. शस्त्रक्रिया ठरली असल्यास निदान दोन आठवडे आधी त्या थांबवाव्यात आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना तसे सांगावे.

३. मधुमेहाच्या औषधाबरोबर कारल्याचा रस घेतल्यास साखर एकाएकी फार उतरू शकते. रक्तदाब असणाऱ्यांनी ज्येष्ठमध सतत चघळू नये. त्याने रक्तदाब वाढतो आणि शरीरातील पोटॅशियम घटते.

४. कोरफडीचा पारदर्शक गर भाजलेल्या कातडीवर लावावा. सालीलगतचा पिवळा चीक व त्यापासून होणारा काळा बोळ पोटात घेऊ नये. कोरफडीच्या जुलाबाची सुरक्षितता सिद्ध झाली नाही म्हणून २००२ साली अमेरिकन सरकारने तो बाजारातून काढावयास लावला.

५. गर्भवती, बाळंतीण, तान्ही मुले आणि यकृत वा मूत्रपिंडाचा विकार असलेली माणसे यांच्यावर घरगुती औषधाचा प्रयोग करू नये.

६. देशाहून येणाऱ्या पाहुण्याकडून सुटी हळद, भस्मे, बिननावाच्या पुड्या मागवू नयेत. हळदीचा रंग फार झळझळीत असेल तर संशय घ्यावा. लहान मुलाच्या रक्तातील शिशाची तपासणी डॉक्टरांकडून करून घ्यावी.

७. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, अन्नावरील वासना उडणे ही लक्षणे दिसताच औषध बंद करून डॉक्टर गाठावा, आणि काय घेतले ते लाज न बाळगता सांगावे. चुकून काही पोटात गेल्यास अमेरिकेत कोठूनही १-८००-२२२-१२२२ या क्रमांकावर विषबाधेविषयी विनामूल्य सल्ला मिळतो.

शेवटी एक विनंती. १९९७ साली हळद वाचली ती लिहिलेल्या कागदामुळे. आपल्या आज्यांचे ज्ञान अद्याप बहुतांशी कागदावर आलेले नाही, आणि ज्यांच्या मनगटात वेढ्यांचे माप आहे अशा वृद्धा आता थोड्याच उरल्या आहेत. शाळेत शिकविणारास एक ठाऊक असते की, विद्यार्थी उत्तर पाठ करतो आणि रीत विसरतो. बटव्याचेही तसेच झाले आहे. म्हणून प्रत्येक घरात एक वही असावी. तीत औषधीचे नाव घरच्या बोलीत लिहावे, आणि जाणत्याकडून खात्री करून तिचे शास्त्रीय नावही लिहावे. मग ती कशावर देत, किती देत, कोणाला देत नसत आणि केव्हा थांबत, हे क्रमाने लिहावे. आणि शेवटी ज्या आजीने, मावशीने वा काकूने हे सांगितले तिचे नाव व गाव लिहावे. मजूर म्हणून ज्यांची नावे परक्यांच्या वहीत लिहिली गेली, त्यांच्या लेकींची नावे जाणत्या म्हणून आपल्या वहीत यावीत. गुण आणि मर्यादा दोन्ही लिहून ठेवल्या तरच हा बटवा पुढील पिढीच्या हाती सुखरूप जाईल.